पडवीतल्या खुर्चीचं कापड

आई, यंदा लोधिवलीच्या एका घरातल्या पडवीसाठी मी आरामखुर्ची नव्याने मढवली आणि तिला सुती कापड लावलं नाही. तुला हे आवडणार नाही, हे मला कापडावर खडूने रेघ मारतानाच माहीत होतं. तू समोर असतीस तर हातातली कात्री खाली ठेवून म्हणाली असतीस, "नायलॉन लावलंस? तिथं माणूस बसणार हाय का प्लास्टिकचा बावला?" तुझं हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की त्याचं उत्तर माझ्याकडे आता तयार असतं. फक्त ते द्यायला समोर कुणी नसतं. तू गेलीस तेव्हा माझी मुलगी रांगत होती, आता ती माझ्यापेक्षा उंच झाली आहे. एवढ्या वर्षांत मी तुझ्याशी मनातल्या मनात पुष्कळ भांडले, पण कागदावर आज पहिल्यांदाच भांडते आहे.

माझं दुकान आता कर्जतहून कशेळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. पुढे कापडांचे गठ्ठे, मागे मशीन आणि त्यामागे पत्र्याची पडवी. या भागात आता जिकडेतिकडे फार्महाउस झाली आहेत. नदीकाठी खुर्च्या, झाडाखाली झोपाळे, गच्चीवर सोफे, आणि हे सगळं बारा महिने उघड्यावर. येणारा प्रत्येक माणूस आत शिरतानाच सांगतो, "वॉटरप्रूफ दाखवा." मी त्यांना बसवते, पाणी देते आणि विचारते की तुम्ही त्यावर बसणार कधी, उन्हाळ्यात की पावसाळ्यात, आणि पाऊस आडवा येतो की उभा. लोक आधी हसतात, मग विचार करून उत्तर देतात. हे प्रश्न तुझेच आहेत. माथेरानच्या ज्या हॉटेलात तू कामाला होतीस, तिथल्या शिवणखोलीत तू मालकीणबाईंनाही असंच उभं करून विचारायचीस.

ती खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. स्वयंपाकघराच्या पाठीमागे, एका बाजूला भटारखान्याच्या भिंतीची ऊब आणि दुसऱ्या बाजूला दरीतून येणारं धुकं. सुट्टी लागली की तू मला बरोबर न्यायचीस. नेरळहून जीपने दस्तुरीपर्यंत आणि पुढे लाल धुळीतून पायी, घोड्यांना वाट देत. पावसाळाभर हॉटेल बंद असायचं आणि तू खाली घरी असायचीस, पण दसऱ्याच्या आधी तू वर जाऊन एकेक खोली उघडायचीस, तेव्हाचा तो कुबट वास मला आजही कुठल्याही बंद घरात ओळखता येतो. तू नाक वर करून आत शिरतेस, गादीची एक कड उचलतेस, खालून हात फिरवतेस आणि बोटं पांढरी झाली की माझ्यासमोर धरतेस. "बघ. हा भुरा. वरून गादी नवरीसारखी दिसते का नाय?" मग सगळ्या गाद्या उन्हात, उशांचे अभ्रे उकळत्या पाण्यात, आणि तुझा आवाज सगळ्या आवारात. तू त्या हॉटेलात कुणाला घाबरलेली मला आठवत नाही. आचारी तुझ्या हाताखालचा नव्हता, तरी तू त्यालाही ओरडायचीस.

तुझा सगळा विश्वास जाड सुती कॅनव्हासवर. त्यात माणसाचा घाम जिरतो, त्यातून वारा जातो, ते अंगाला चिकटत नाही. मालकांनी एकदा चकचकीत रेक्झिन आणलं तेव्हा तू ते शिवलंस खरं, पण शिवताना असं तोंड केलं होतंस जसं काही कुणी तुला शिळं वाढलंय. आणि ज्या वर्षी तुझं ऐकून व्हरांड्यातल्या सगळ्या बैठका कॅनव्हासच्या झाल्या, नेमकी त्याच वर्षीची दिवाळी मी विसरले नाही. हॉटेल नुकतंच उघडलं होतं. कापड पावसाळ्यातून सुखरूप निघालं होतं, धुऊन, वाळवून नव्यासारखं. एक भारदस्त पाहुणे चहाचा कप घेऊन झोपाळ्यावर टेकले, दोन झोके झाले आणि गादीची शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उसवत गेली. पाहुणे खाली, चहा त्यांच्या सदऱ्यावर. लागलं कुणाला नाही. पण मालकीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हेच का तुमचं ते टिकाऊ कापड?" मी खांबामागे उभी होते. मला वाटलं, तू आता त्यांना काहीतरी बोलणार. तू गादी उचललीस, उसवलेल्या कडेवर नख फिरवलंस आणि शांतपणे म्हणालीस, "कापड शाबूत हाय, बाईसाहेब. दोरा कुजला. आणि दोरा मी निवडलाय."

त्या सुट्टीत मग मी दुसरं काहीच पाहिलं नाही, तू शिवण उसवतेस आणि परत घालतेस एवढंच. तू पनवेलला जाऊन जाळी विणायचा नायलॉनचा दोरा आणलास. ज्या वस्तूचं नाव काढलं तरी तू नाक मुरडायचीस ती तू स्वतःच्या पायाने जाऊन आणलीस. तुझी सुई त्यातून नीट चालेना, दोरा पुन्हा पुन्हा तुटायचा नाहीतर गुंतायचा, तू मशीनला शिव्या देत होतीस, पण एकही गादी जुन्या दोऱ्यावर ठेवली नाहीस. आई, माझ्या भांडणातला पहिला मुद्दा हा आहे. नायलॉन तू माझ्याआधी घरात आणलंस.

तुझा ओरडा मला कापडाच्या बाबतीत एकदाच बसला, पण तो पुरला. कर्जतच्या बाजारात मी उशांसाठी निळं फुलाफुलांचं कापड हातात घेऊन दुकानदाराला "हेच द्या" म्हणाले. तू भर दुकानात ते माझ्या हातातून ओढून घेतलंस. "रंग बघून निवडतेस? लग्नाचा मुलगा पण असाच निवडशील! आधी उलटं कर. मागची बाजू बघ. मग तोंडाला लाव आणि फुंक." दुकानदार हसत होता, माझे कान लाल झाले होते, पण मी कापड ओठांना लावून फुंकलं. फुंकर अडली. "आतला घाम पण असाच अडणार," तू म्हणालीस आणि गठ्ठा त्याच्याकडे सरकवलास. आणि दहावी झाल्यावर मी सांगितलं की मलाही हेच काम करायचंय, तेव्हा तू एका कोऱ्या, उंची कापडाची घडी माझ्या मांडीवर ठेवलीस. मला वाटलं ड्रेससाठी. तू म्हणालीस, "हे खराब कर." मी घडी घट्ट धरली. "तुला येतील तितक्या तऱ्हेनं खराब कर. मग मला दाखव." मी एक तुकडा कौलांवर बांधला, एक मोरीच्या तोंडाशी पुरला, एक ओला करून ट्रंकेत कोंबला. मोरीतला तुकडा उकरला तेव्हा त्याची फक्त किनार उरली होती. ती काळी किनार बोटांत धरून तू इतकी खूश झालीस की वडिलांना बोलावून दाखवलीस. मला कुणी दिलेल्या वस्तूंपैकी तेवढी एकच वस्तू मी जपली नाही, आणि तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

तर लोधिवलीची गोष्ट. मे महिन्यात एक बाई दुकानात आली. तिशीची असेल, हातात रेक्झिनची एक फाटकी उशी. तिने ती टेबलावर ठेवली आणि दुकानभर वास सुटला. वरून तपकिरी, गुळगुळीत, आणि खालून काळी ठिक्कर. म्हणाली, "ताई, सासऱ्यांची हाय. ते दिवसभर पडवीत बसतात. गेल्या दोन पावसाळ्यांत दोन गाद्या अशा झाल्या. त्यांना खोकला लागला, पाठीला पुरळ आलं. आता माझे मालक म्हणतात, पडवीला अॅल्युमिनियमच्या खिडक्या लावून बंद करायची, नायतर त्यांना आतल्या खोलीत आणायचं." मी विचारलं, "मग करा ना बंद. अडचण काय?" तिने उशीकडे बघत सांगितलं, "आत आणलं होतं ताई, गेल्या श्रावणात. ते जेवायचे बंद झाले."

मी तिच्यासोबतच गेले, कारण खुर्ची आणि पाऊस बघितल्याशिवाय मी कापड सांगत नाही. घर रस्त्यापासून जरा आत, पडवी पश्चिमेला तोंड करून, आणि पडवीच्या समोर त्यांची भाताची खाचरं. म्हातारबाबांचा उजवा हात आणि पाय अर्धांगवायूच्या झटक्यानंतर लुळे पडलेले, बोलणं जड. पण डोळे मात्र सारखे शेतावर. दोन्ही मुलं कारखान्यात नोकरीला, शेती करतात ती सुट्ट्या काढून आणि माणसं लावून, आणि कुठला बांध कधी बांधायचा, पाणी कुठून सोडायचं हे सगळं अजून त्या खुर्चीवरून ठरत होतं. मला ती खुर्ची बघून सगळं कळलं. जुना सागवानी सांगाडा उत्तम. त्यावर मात्र प्लायवूडची फळी, फळीवर साधा स्पंज, स्पंजावर रेक्झिन. पाणी शिवणीच्या भोकांतून आत जायचं आणि तिथंच राहायचं. थोरला मुलगा, म्हणजे तिचा नवरा, कामावरून आला होता, तो म्हणाला, "ताई, तुमी उगाच मेहनत घेताय. पडवीत पाऊस येतो म्हणजे येतोच. खिडकीवाला माप घेऊन गेलाय." मी म्हटलं, "एक पावसाळा द्या मला. लावणी होईपर्यंत तरी." त्याने बापाकडे पाहिलं. बाप शेताकडे पाहत होता. "लावणीपर्यंत," मुलगा म्हणाला.

आता ऐक, मी काय केलं ते. फळी काढून टाकली आणि सांगाड्यावर न कुजणाऱ्या नवारीच्या पट्ट्या ताणल्या, म्हणजे खालून वारा. साधा स्पंज फेकला. त्याऐवजी मोठ्या भोकांचा एक फोम मिळतो, वरून तांब्याभर पाणी ओतलं तर चाळणीसारखं खाली जातं. गादीचा तळ जाळीचा ठेवला. चेन प्लास्टिकची, पिना न गंजणाऱ्या, दोरा पॉलिएस्टरचा. इथपर्यंत तू मान डोलावली असतीस. राहिलं वरचं कापड. तुझा कॅनव्हास मी खरंच हातात घेतला होता. पण आई, तुझं हॉटेल पावसाळ्यात बंद असायचं. तुझ्या कॅनव्हासवर आषाढात कुणी बसत नव्हतं. इथे माणूस रोज बसणार, रोज शिंतोडे येणार, आणि कॅनव्हास एकदा भिजला की आठवडाभर सुकायचा नाही. स्वस्तातलं वॉटरप्रूफ मिळतं त्याच्या पाठीला लेप असतो, दोन उन्हाळ्यांत तो पापुद्र्यासारखा निघतो आणि असेपर्यंत फुंकर अडवतो. मी घेतलं ते दुकानांपुढच्या छतांना वापरतात तसलं अॅक्रिलिक. त्याचा धागाच रंगीत असतो, कापड नंतर रंगवलेलं नसतं, म्हणून उन्हाने विटत नाही. पाणी वरून घरंगळतं, भुऱ्याला त्यात खायला काही सापडत नाही, आणि मळलं तर साबणाने धुता येतं. माझ्या दुकानामागच्या भिंतीवर त्याचा तुकडा मी ठोकून ठेवला होता आणि त्याने तिथे दोन पावसाळे काढले होते. मी ते उलटं केलं. तोंडाला लावलं. फुंकलं. फुंकर आरपार गेली. म्हणून मी घेतलं. तुझ्याच परीक्षेत ते पास झालं, आता तू काय करशील?

एक गोष्ट उरली होती, जी तुझ्या किंवा माझ्या हातात नव्हती. मी नमुना घेऊन गेले तेव्हा म्हातारबाबांनी तो डाव्या हाताने उचलला आणि गालावर घासला. दाढीचे खुंट त्यावर खरखर वाजले. "गोणपाट हाय," ते म्हणाले. सून म्हणाली, "बाबा, टिकाऊ हाय ते." ते म्हणाले, "मी किती टिकणार हाय? मऊ आण." मला हसू आलं आणि आवडलंही. त्याच जातीचं बारीक विणीचं कापड मी मुंबईहून मागवलं. ते त्यांनी पुन्हा गालावर घासलं, मग डोळे मिटून थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. रंग कुठला हे त्यांनी विचारलंच नाही. राखाडी होता.

पावसाला जोर चढला आणि दोन आठवड्यांत थोरल्या मुलाचा फोन आला. "ताई, तुमची गादी ओली हाय." मी स्कूटर काढली आणि भिजत गेले. बैठक कोरडी होती, पाठ कोरडी होती. ओली होती ती कड, दोरीवर कापड गुंडाळून शिवलेली पायपिंग, सगळीकडून एक बोटभर पट्टा. मुलगा हात बांधून उभा. म्हणाला, "बघा, मी सांगत होतो." मी तिथेच बसून शिवण उसवली आणि आतली दोरी ओढून काढली. ती सुती होती, पाणी पिऊन टम्म फुगलेली. सगळं बदलताना ती एक दोरी मी सवयीने घातली होती, कारण तू पायपिंगमध्ये कायम सुती दोरी घालायचीस आणि माझे हात न विचारता तेच करतात. मी मुलाला ती दोरी पिळून दाखवली. "चूक माझी. कापडाची नाही. उद्या संध्याकाळी बघा." प्लास्टिकची दोरी घालून तिथेच, हातानेच, पुन्हा शिवण घातली. म्हातारबाबा पलंगावरून सगळं बघत होते. मला म्हणाले, "बाय, घट्ट ओढ."

त्यानंतर मी गेले ती लावणी चालू असताना. पाऊस पश्चिमेचाच, पडवीच्या अर्ध्या भागापर्यंत येत होता. म्हातारबाबा खुर्चीत होते, गुडघ्यांवर घोंगडी, आणि खाचरात वाकलेल्या बायकांकडे बघून ओरडत होते. शब्द अर्धेच निघत होते, पण खालची एक बाई सरळ होऊन ओरडली, "कळलं, आबा! वरचा बांध फुटलाय! जाते!" आणि ती धावली. म्हातारबाबा मागे टेकले, खोकले नाहीत. मुलगा त्या दिवशी रजेवर होता, पायांना चिखल. त्याने बापाला हात देऊन उठवलं, गादीची चेन उघडली, आत हात घातला, मग वाकून चक्क नाक लावलं. तो उठला आणि म्हणाला, "वास नाय." मग चेन लावता लावता, जसं काही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय तसं म्हणाला, "खिडकीवाल्याला सांगितलं, आता नको म्हणून. यंदा राहू दे." बापाने ते ऐकलं की नाही माहीत नाही. ते परत बसले होते आणि त्यांचं लक्ष बांधावर होतं. घरी येताना मी चौक गावाजवळ टपरीवर एकटीने चहा प्यायले आणि आपण हे काम नीट केलं असं मोठ्याने म्हणाले. चहावाल्याला वाटलं, मी त्याला बोलले.

हे पत्र मी कुठे टाकणार, आई? वाचून झालं की घडी घालीन आणि मशीनवर बसेन, गणपतीच्या आधी दोन झोपाळे द्यायचे आहेत. पण एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी निघताना सुनेने मला विचारलं, "ताई, हे सगळं तुमाला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, आईने. ती म्हणाली, "हे कापड पण?" आणि मी, का कोण जाणे, म्हणाले, "हो. माझी आई हेच वापरायची." सरळ खोटं. तिने ते सगळ्या आळीत सांगितलंय. परवा लोधिवलीहून दोघीजणी आल्या, गठ्ठ्यांकडे बघितलंसुद्धा नाही, आणि विचारलं, "तुमच्या आईचं कापड हाय का?" मी आत गेले, अॅक्रिलिकचा गठ्ठा उचलून आणला आणि त्यांच्यापुढे उलगडला.